ठमीची कुंडी

सुरुवात माझ्या वेंधळेपणापासूनच करतो. बाल्कनीतला पुदिना समजून मी एकदा चटणी वाटली. पोरगी, सायली, एक घास खाऊन किंचाळली, "पप्पा, हे ठमीचं कॅटनिप आहे!" मांजरांना या पाल्याचं वेड असतं म्हणून तिनं ते बी लावून वाढवलं होतं. ठमी, आमची मांजर, दिवसभर माझा हात हुंगत मागे मागे फिरली. बायको म्हणाली, "चला, कुणाला तरी तुमचा स्वयंपाक आवडला!"

तर असा मी. पण भुताखेतांवर विश्वास शून्य. चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे – तपासल्याशिवाय पार्ट पास करत नाही.

पुढे ठमी म्हातारी झाली, मागचे पाय गेले. मग सायली रोज दुपारी दारातूनच वाकून तिला कुंडीत ठेवायची. पाल्यात वेटोळं करून ती झोपायची.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं सायली गेली... पाठोपाठ ठमीही.

तेव्हापासून बायको त्या कुंडीपाशीच. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. एवढंच म्हणायची, "अहो, दुपारी पाला दबतो. मधोमध." मी म्हणायचो, वारा असेल. रावेतला आठव्या मजल्यावर वाऱ्याला काय तोटा? दुसरं मांजर शिरेल म्हणावं, तर कबुतरांसाठी जाळी लावलेली.

हिचा भ्रम काढला नाही तर हीपण हातची जाईल, अशी भीती वाटायला लागली. एका रविवारी दुपारी पाला नीट उभा केला, कुंडीभोवती तांदळाचं पीठ पसरलं, दार लावलं आणि हिला समोर बसवून जेवलो. तिचं ताट तसंच.

दार उघडलं तर... पाला मधोमध दबलेला. गोल. चुरगळल्यावर येतो तसा वास. हात घातला – ऊब! तिथं ऊन संध्याकाळशिवाय येत नाही. पिठावर मात्र एक ठसा नाही.

पाला कशानं दबला, मला आजही सांगता येत नाही. पण तेव्हा सवयीनं बोलून गेलो, "बघ, पाऊल नाही. ठमी नव्हती."

ती पिठाकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिनं ताट पुढं ओढलं, गार भात कालवला.

"ठमीला चालता कुठं येत होतं, अहो? उचलून ठेवणारी आहे तिच्याजवळ."