टाकीबद्दल माझं परखड मत

चहा घ्या, पण एक विनंती आहे. हसू आलं तर आधी कप खाली ठेवा, कारण मी जे करून बसलोय ते ऐकताना याआधी दोघांना ठसका लागलाय.

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. राजकारणावरचा पिक्चर म्हटला की मी धुळ्यातून कुठेही जातो. आमचा सहा जणांचा 'आपला कट्टा' आहे. सगळे निवृत्त, सगळे पिक्चरवेडे. त्यात मी ग्रंथपाल होतो, म्हणून मला वाटतं की माझं मत जरा जास्त वजनदार. बाकीच्यांना तसं वाटत नाही. असो.

तर असा एक पिक्चर जळगावला लागला. धुळ्यात नाही! का नाही? धुळ्याच्या लोकांना काय मेंदू नसतो? मी एकटा पहाटेची एसटी धरून जळगावला गेलो आणि सकाळचा खेळ गाठला.

आणि काय बघितलं? एका गावात पाण्याची टाकी आहे. तीन वर्षांपूर्वी बांधलेली, पण आत थेंब नाही. आणि गोष्ट सांगतंय कोण? टाकी! अहो, टाकी बोलते! बाईच्या आवाजात! पाणी समितीचा अध्यक्ष खलनायक आहे म्हणावं, तर त्याचं तोंडच दाखवत नाहीत. अख्ख्या पिक्चरभर नुसते पांढरे बूट. बूट आले, बूट गेले, बूट खुर्चीखाली हलले. आणि शेवटी सगळं गाव टाकीखाली उभं राहून माना वर करून बघतंय. बघतंय म्हणजे बघतंयच!

माझं डोकं फिरलं. राजकारणावर पिक्चर काढता ना? मग तोंड दाखवा! नाव घ्या! कुणाला शिक्षा झाली ते सांगा! वेगळ्या धाटणीचं म्हणे! मला तर ही शुद्ध पळवाट वाटली.

परतीच्या एसटीत एरंडोलपर्यंत मी कसाबसा गप्प बसलो. मग राहवेना. चष्मा वरच्या पिशवीत होता. तसाच मोबाइल काढला, 'आपला कट्टा' उघडला आणि व्हॉइस मेसेज सोडला. पिक्चरचं नाव घ्यायची गरजच नव्हती, कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं मी कुठे गेलोय ते.

"शी! शी! शी! तीन वर्षं टाकी उभी आहे, थेंब नाही पाण्याचा! आणि तो अध्यक्ष! तोंड दाखवायची हिंमत नाही, नुसते पांढरे बूट मिरवतोय! सगळं गाव आ वासून वर बघतंय, एक जण जाब विचारत नाही! ही काय पद्धत झाली? मी हे खपवून घेणार नाही!"

शेजारची बाई खिडकीकडे सरकली. पारोळ्याला बॅटरी संपली.

आता तुम्हाला कळलंच असेल. मला मात्र कळलं नाही ना! तो 'आपला कट्टा' नव्हताच. तो होता 'आपला गाव'. म्हणजे माझ्या सासुरवाडीचा, शिरपूरकडच्या गावाचा ग्रुप. तिथे पाणी समितीचे अध्यक्ष कोण? नाना. माझ्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ. तिथे नवी टाकी आहे का? आहे. मी ती पाहिलीही होती. पण तिला पाणी येतं का, हे मी कशाला विचारू? जावयाला पाणी तांब्यात मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल चालू केला. वरवर नजर टाकली, तर कट्ट्यावर एकाचंही उत्तर नाही. एवढ्या पोटतिडकीने बोललो आणि पाचांपैकी एकाला 'वा' म्हणवेना? गावाच्या ग्रुपवर मात्र दीडशे मेसेज आलेले. तो मी कधीच उघडत नाही. तिथे फुलं आणि सुप्रभात असतं.

चिडून दाढी करत होतो, तोच दारात मोटारसायकल थांबली. बापू! बायकोचा चुलतभाऊ. बायको तेव्हा मुलीकडे नाशिकला होती, म्हणून मीच तोंडाला फेस घेऊन दार उघडलं.

"पाव्हना!" बापूने मला मिठीच मारली. "काय बोलनात तुमी! बठ्ठं खरं शे!"

बठ्ठं म्हणजे सगळं, बापू अहिराणीतच बोलतो. म्हटलं, कट्ट्यावरच्या कुणीतरी माझा मेसेज पुढे पाठवला असणार. मी फुललो. "तुम्ही ऐकलंत?"

"आख्खा गावनी ऐकं!"

"आणि पाहिलंत का?"

"देखं म्हंजे? रोज देखतस आमी! सकायले उठनं का पहिले तेच दिखस!"

रोज! मी मनात म्हटलं, काय रसिक गाव आहे. आम्ही एकदा बघून वैतागतो, हे रोज बघतात.

"मग तुमचं मत काय? ते तोंड न दाखवणं?"

"तेच तर!" बापूने मांडीवर थाप मारली. "तीन वरीस व्हयनात, कोनी समोर येत नई!"

"यावर जाहीर चर्चा व्हायला पाहिजे," मी म्हणालो.

"म्हनीसन तर उनू. उद्या दहा वाजता. तुमी बोला, आमी टाळ्या वाजाडतस."

"नाना असतील ना?"

बापूने मला नखशिखान्त न्याहाळलं. मग म्हणाला, "पाव्हना, तुमनी छाती मोठी शे."

गावच्या राजकारणात कोण कुणाच्या बाजूला आहे, हे मला कधी ठाऊक नव्हतं. पिक्चरमधल्या राजकारणातच माझा वेळ जातो. मला वाटलं, खेड्यात चित्रपटावर परिसंवाद! मी भारावलो. रात्रीपर्यंत मुद्दे काढले, खादीचा कुर्ता इस्त्री केला.

रविवारी बापू मला मागे बसवून घेऊन गेला. बघतो तर काय, सभा थेट टाकीखाली! मंडप, माइक, दोनशे माणसं, पुढे बायका सतरंजीवर. म्हटलं, काय कल्पकता! टाकीच्या पिक्चरची चर्चा टाकीखाली! पुण्यात तरी कुणाला सुचलं असतं का?

नाना पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. मी हात जोडले. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, आधी घरी चहाला आलो नाही म्हणून रुसले असतील.

मी माइक धरला आणि सुटलोच. "मित्रहो, आज मला स्पष्ट बोलायचंय. तीन वर्षं टाकी कोरडी! हा काय प्रकार आहे?"

टाळ्या! अशा टाळ्या मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाल्या नव्हत्या.

"आणि जबाबदार माणसाचं तोंड दाखवायला भिता? का भिता?"

शिट्ट्या! मागून एक जण ओरडला, "नाव ल्या! नाव ल्या!"

"अगदी बरोबर!" मी कडाडलो. "नाव घ्या! हीच तर माझी तक्रार आहे! आता दुसरा मुद्दा. टाकी बाईच्या आवाजात बोलते, हे मला साफ नामंजूर आहे."

टाळ्या बंद! सतरंजीवरच्या बायकांनी वर टाकीकडे बघितलं. बापूने डोकं खाजवलं.

मी तसाच पुढे. "आणि दाखवता काय? तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते पांढरे बूट!"

दोनशे माणसांनी एकाच वेळी नानांच्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं.

पांढरे बूट. कॅनव्हासचे. टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले. अहो, ते मीच त्यांना धुळ्याहून आणून दिले होते!

त्या एका क्षणात माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. दीडशे मेसेज, बापूची मिठी, 'रोज देखतस', मोठी छाती, सगळं! समोर लोक ओरडतायत, "नाव ल्या! पाव्हना, नाव ल्या!" आणि बायकोचा भाऊ माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघतोय.

आता मी काय केलं असेल? परखड, निर्भीड, पळवाटांचा कर्दनकाळ असा मी?

मी माइक तोंडाजवळ धरला आणि म्हणालो, "यातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक असून, कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा."

आणि खाली बसलो. कुणीतरी "हात्तेच्या!" म्हणालं. बापूने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा बैल विकून खाल्ला होता.

तेवढ्यात नाना उठले. माइक हातात आला की नाना पुस्तकी मराठी बोलतात. म्हणाले, "पाव्हण्यांनी नाव घेतलं नाही. मी घेतो. माझंच. पाइप माझ्या शेतातून जायचा आहे आणि उभी कपाशी मोडेल म्हणून मीच तीन वर्षं अडवून धरला. चूक झाली. उद्या सकाळी खणायला या."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग असा कल्ला झाला म्हणता! एका आजीबाईंनी नानांची दृष्ट काढली. माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. बापू मोटारसायकल घेऊन कधीच पसार झालेला.

शेवटी नानांनीच मला घरी नेलं, पाट मांडला, शेवभाजी वाढली. मी हात जोडले. "नाना, आईशप्पथ सांगतो, मी एका पिक्चरबद्दल बोलत होतो."

"माले माहीत शे," नाना शांतपणे म्हणाले.

"काय?"

"मी बी देखा तो. गया हप्त्याले जळगावले दवाखान्यात गऊ तव्हय. तुमना मेसेज ऐका आनि लगेच समजनं, पाव्हना पिक्चरवर चिडेल शे."

"मग तुम्ही ग्रुपवर बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पिक्चर देखीसन आठ दिस मालेच झोप नव्हती. म्हटलं, बरं व्हयनं, पाव्हनानी तोंड फोडं." त्यांनी मला भाकरी वाढली. "माले लई आवडना बरं तो पिक्चर. तोंड दखाडं नई तेच बेस. तोंड दखाडतात तर मी म्हनतू, हाऊ दुसराच कोनी शे. बूट दखाडात, तर मी मना पायकडे देखं."

मी भाकरी मोडली. ग्रंथपालाची चाळीस वर्षं पाण्यात.

"आनि शेवटले," नानांचा आवाज जड झाला, "बठ्ठा वर देखतस, आनि त्या म्हतारीना कपायवर तो एक थेंब पडस ना… माले तं रडूच उनं."

"कसला थेंब?" मी विचारलं.

नानांचा हात भांड्यातच थांबला. "शेवट देखा ना तुमी?"

आता तुमच्यापासून काय लपवू? गाव माना वर करून बघायला लागलं, तेव्हा मी घड्याळात बघितलं. दीडची एसटी चुकली असती. मी उठलो आणि चालू पडलो.

पुढच्या रविवारी तो पिक्चर पुन्हा बघायचा ठरलाय. तिकिटं नानांनी काढलीत. माझी खुर्ची त्यांनी मुद्दाम भिंतीकडची घेतलीय आणि बाहेरच्या बाजूला ते स्वतः बसणार आहेत.