समुद्र आणि जर-तर

मद्रासला कॉलेजात पहिल्याच वर्षी मला लॉजिक होतं. बाबा रेल्वेच्या ऑफिसात कारकून. माझं लॉजिकचं पुस्तक ते माझ्याआधी वाचून काढत आणि संध्याकाळच्या कॉफीबरोबर मला प्रश्न विचारत. मी उत्तरं देई, पण मोजकीच.

वर्गाची सहल महाबलीपुरमला जायची होती. बाबा म्हणाले, "लॉजिकमध्ये नापास झालीस, तर सहल नाही."

मी मान मोडून अभ्यास केला. चांगली पास झाले आणि मैत्रिणीला बसमध्ये खिडकीची जागा धरायलाही सांगून टाकलं. मार्कांचा कागद बाबांनी दोनदा वाचला.

"शाब्बास. सहलीचं मात्र अजून ठरलेलं नाही."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"नापास झालीस तर नाही, एवढंच म्हणालो. पास झालीस तर हो, असं कुठे म्हटलं? कंडिशनलचा धडा काढ."

काढला. पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. म्हणून पाऊस नाही पडला तर तो कोरडाच असेल, असं नाही. समोरच्या मामींनी दारात कोलमची रांगोळी काढण्याआधी पाणी शिंपडलेलं असू शकतं. परीक्षेत हीच चूक मी अचूक ओळखली होती. माझे डोळे भरून आले, ते मी पुस्तकात लपवले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती मराठी शाळेत शिकलेली. "आमच्या व्याकरणात ह्याला संकेतार्थ म्हणत. घरात ह्याला शब्द देणं म्हणतात."

"अगं, शास्त्र आहे ते."

"असेल. उद्या मी म्हणेन, भाजी आणली नाहीत तर जेवण नाही. आणि आणलीत, तरी बसा ताटाकडे बघत!"

बाबा हसले. मग पुन्हा गंभीर होऊन मला म्हणाले, "बरं. समुद्रात उतरणार नसशील, तर जा."

मी मान हलवली. खरंच उतरणार नव्हते. पण बसमध्ये खिडकीशी बसल्याबसल्या त्यांचं वाक्य मी पुन्हा एकदा तपासलं. उतरणार असशील तर जाऊ नकोस, असं ते कुठे म्हणाले होते?

संध्याकाळी घरी आले, तेव्हा बाबांची नजर माझ्या साडीच्या निऱ्यांना चिकटलेल्या वाळूवर गेली.

"समुद्रात उतरलीस?"

मी लॉजिकचं पुस्तक आणलं, तोच धडा उघडला आणि त्यांच्या कॉफीशेजारी ठेवला.