आमच्या सोसायटीचं गुलाबी औषध

आमच्या सोसायटीच्या औषधपेटीचं उद्घाटन सव्वीस जानेवारीला झालं. झेंडावंदन आटोपल्यावर नारळ फुटला, फीत कापली गेली आणि प्रमुख पाहुण्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. आत आमच्या बोईसरच्या इमारतीतल्या सत्तावीस बिऱ्हाडांतल्या उरलेल्या गोळ्यांची अर्धी पाकिटं आणि अर्ध्या-पाऊण बाटल्या होत्या. पाहुणे म्हणाले, ‘स्तुत्य उपक्रम आहे.’ उरलंसुरलं एकत्र करून वाढणं गृहिणीने केलं तर त्याला शिळं म्हणतात. समितीने केलं की तो उपक्रम होतो.

पेटी तळमजल्यावरच्या साहेबांच्या ताब्यात होती. साहेब मूळचे सांगलीकडचे. सगळी नोकरी त्यांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात केली आणि शिफ्ट सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. कारखान्यातून बाहेर पडायचे ते पावडरीचे ड्रम. त्या पावडरीचं पुढे माणसाच्या पोटात गेल्यावर काय होतं, हे त्यांना वीटभट्टीवाल्याला लोकांच्या घरातली भांडणं ठाऊक असतात तितकंच ठाऊक होतं. पण आमच्या इमारतीत औषधाच्या कारखान्यात काम केलेला माणूस म्हणजे निम्मा डॉक्टर. उरलेला निम्मा साहेबांनी आवाजाने भरून काढला होता.

पेटीबरोबर एक नोंदवही होती. तारीख, फ्लॅट, काय दिलं, परिणाम, सही. रकाने पट्टीने आखलेले. ‘कारखाना असो की सोसायटी, रेकॉर्ड पाहिजे,’ असं साहेब सांगत, आणि ते खरंही होतं.

एका सकाळी मी दूध घेऊन परतताना साहेब दारात स्टूल टाकून बसलेले दिसले. समोर पंधरावीस खोकल्याच्या बाटल्या, एक नरसाळं आणि गरम पाण्याची बादली. ते बाटल्या एकमेकींत ओतत होते.

‘हे काय चाललंय, साहेब?’

‘काका, अर्धे ड्रम ठेवायचे नसतात. जागा खातात. एकाच मालाचे अर्धे ड्रम असले की ते एक करायचे. आमच्याकडे रोजचं काम होतं हे.’

‘पण हा एकच माल आहे कशावरून?’

साहेबांनी बाटली उजेडात धरली. ‘रंग बघा की.’

तर अशा रीतीने खोकल्याच्या औषधांचं वर्गीकरण झालं: नारिंगी, हिरवं आणि गुलाबी. जुनी लेबलं गरम पाण्यात भिजवून खरवडून काढली होती, कारण ती ‘कशीतरी दिसत होती’. त्या जागी संगणकावर छापलेली नवी, सुबक, एकसारखी लेबलं: ‘सर्दी-खोकला (लहान मुले)’. मी घरी येऊन हा किस्सा रंगवून सांगितला. आम्ही पोट धरून हसलो. सून हसली नाही. ती एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ती एवढंच म्हणाली, ‘बाबा, कुणीतरी ते खरंच पाजेल हो.’

त्या दिवसांत पेपरात खोकल्याच्या औषधाने मुलं दगावल्याच्या बातम्या येत होत्या. साहेबांना विचारलं तर म्हणाले, ‘त्या बाटल्या वेगळ्या. ह्या माझ्या देखरेखीखाली आहेत.’

ते पाजणारं ‘कुणीतरी’ मी निघालो.

नात अडीच वर्षांची. तीन दिवस नाक वाहत होतं, खोकला होता, थोडा ताप. पालघरच्या मुलांच्या डॉक्टरांनी तापाचं औषध आणि नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब दिले होते. खोकला आठवडाभर राहील, त्याला हात लावू नका, असं बजावलं होतं. त्या दुपारी बायको बारशाला गेली होती, मुलगा आणि सून कामावर. नात माझ्या स्वाधीन होती. बाराला मी तापाचं औषध त्याच्या मापाच्या झाकणाने, डोळ्यांसमोर धरून, अगदी रेघेपर्यंत दिलं. मग एक जाडजूड चरित्र घेऊन बसलो. दर परिच्छेदाला खोकला. पान उलटलं की खोकला. ती खोकायची, मग खेळायची, मग पुन्हा खोकायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. खोकल्याचं औषध दिलं की आराम पडतो हे खरंच आहे. फक्त तो कुणाला पडतो, हे बाटलीवर लिहीत नाहीत.

तिला कडेवर घेऊन मी तळमजल्यावर गेलो.

‘वय?’ साहेबांनी वही उघडली.

‘अडीच.’

‘वजन?’

‘माहीत नाही.’

‘मग मध्यम डोस,’ साहेब म्हणाले आणि गुलाबी बाटली माझ्या हातात दिली. ‘एक चमचा.’

‘कुठला चमचा?’

‘चमचा म्हणजे चमचा हो, काका.’

आमच्या घरात चमचा म्हणजे श्रीखंडाचा. तो मी भरून दिला. औषध गोड असावं, कारण तिने आणखी मागितलं. एवढं बरं की दिलं नाही.

अर्ध्या तासात ती झोपली. मला वाटलं, विज्ञान ते विज्ञान. थोड्या वेळाने साहेब वही घेऊन वर आले.

‘परिणाम काय लिहू?’

‘लिहा, उत्तम. गाढ झोपलीय.’

त्यांनी लिहिलं, मी सही केली आणि चरित्राची चाळीस पानं वाचली. इतकं शांत वाचन कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

चारच्या सुमाराला भांडी घासायला जवळच्या पाम गावाहून येणारी बाई आली. दारातूनच तिने नातीकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि जवळ जाऊन हाक मारली. मग गालावर टिचक्या मारल्या, तळपाय चोळले. नातीने डोळे अर्धे उघडले, कुणालाच न ओळखल्यासारखे फिरवले आणि मिटले. ओठ सुकलेले, गाल लाल, मान सैल.

‘बाबा, ही झोपली नाय. ही पडली हाय. काय पाजलाव?’

‘खालच्या पेटीतलं. खोकल्याचं.’

‘त्या डब्यातला?’ तिचा हात कपाळावर गेला. ‘आमी कुत्र्याला पन नाय देनार. आमची दवाखान्याची आशाताई घरोघरी सांगून गेली, येवढ्याशा पोराला खोकल्याचा औशद द्यायचाच नाय. आनि तुमी येवढी बुकां वाचता!’

तेवढ्यात पहिली पाळी संपवून सून दारात आली. तिला काही सांगावं लागलं नाही. टेबलावरची गुलाबी बाटली आणि शेजारचा श्रीखंडाचा चमचा पुरेसा होता. तिने नातीला उचललं, बाटली माझ्या हातात दिली. ‘हे सांभाळा. सांडू नका.’ आम्ही रिक्षाने पालघरला निघालो. वाटेतलं उमरोळी मागे पडेपर्यंत सून लेकीला हाका मारत होती. मला एकदाही मारली नाही. मी बाटली सांभाळत होतो.

डॉक्टरांनी नातीचा श्वास मोजला, डोळ्यांत बॅटरी मारली.

‘काय दिलं?’

‘खोकल्याचं औषध.’

‘नाव?’

‘लेबल काढून टाकलंय.’

‘मग आहे काय त्यात?’

मी बाटली उजेडात धरली. ‘गुलाबी आहे,’ मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. कदाचित हे उत्तर त्यांना नवीन नसावं. नातीच्या बोटाला यंत्र लावता लावता ते बोलत राहिले. बहुतेक सर्दीच्या औषधांत झोप आणणारं काहीतरी असतं, काहींत छातीचे ठोके वाढवणारं, काहींत श्वास मंदावणारं. काहींत तापाचं औषधही आधीच घातलेलं असतं. वरून तापाचं वेगळं दिलं की दुप्पट होतं आणि ते लिव्हरवर जातं. ‘अशा कितीतरी बाटल्यांवर छापलेलं असतं, चार वर्षांच्या आत देऊ नये. तेच लेबल तुम्ही खरवडलंत. त्यात काय होतं कळलं असतं तर त्या एकावर लक्ष ठेवलं असतं. आता सगळ्यांवर ठेवावं लागेल.’ बारा वाजता तापाचं किती दिलं, ते मी अचूक सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं. माझ्या माहितीपैकी तेवढीच उपयोगाची होती.

रक्त घेताना ती रडली नाही. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. सून पलंगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. मधे यंत्राचा आकडा. तो खाली सरकला की सून उठून उभी राहायची. मी विद्वान माणूस. मला त्या आकड्याचा अर्थही तिलाच विचारावा लागत होता आणि विचारायची छाती नव्हती.

दिवेलागणीला नातीने पाणी मागितलं. मग बिस्कीट. मग ती उठून बसली आणि खोकली, खणखणीत, वॉर्डभर ऐकू जाईल असं. त्या खोकल्याला मी हात जोडले. रक्ताचा अहवाल ठीक आला. सकाळी आम्हाला सोडलं. डॉक्टरांचा खोकल्यावरचा उपाय तोच राहिला: नाकात थेंब, कोमट पाणी, रात्री चमचाभर मध, आणि धीर. ‘श्वास भराभर चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, प्यायचं बंद केलं, तर लगेच या. नुसता खोकला असेल तर खोकू द्या. धीर बाटलीत मिळत नाही,’ ते माझ्याकडे बघून म्हणाले.

घरी आल्यावर मी तळमजल्यावर गेलो. साहेबांना सगळं कळलं होतं. चेहरा उतरला होता. त्यांनी नारिंगी आणि हिरवी बाटलीही काढून दिली आणि वाद घातला नाही. मी वही मागितली. आदल्या दिवसाच्या ओळीत माझ्या सहीच्या आधी लिहिलं होतं, ‘परिणाम: उत्तम. गाढ झोप.’ मी पेन काढून ते गिरगटून टाकायला लागलो, तर साहेबांनी माझा हात धरला.

‘काका, खाडाखोड नाही करायची. चूक झाली तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. मग सही, तारीख, कारण.’

मी एकच रेघ मारली. सही केली. तारीख घातली. कारणाच्या जागी लिहिलं: ‘मला वाचायचं होतं.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग पेन घेतलं, खाली स्वतःची सही केली आणि वही मिटली. या सगळ्या प्रकरणात नियमाप्रमाणे झालेलं तेवढं एकच काम.