आर्विड टोलेफसन दोन रात्रींसाठी बाहेर पडला

आर्विड टोलेफसनने सत्तरी ओलांडली, तरी गायी सोडून एक रात्र कुठे काढली नव्हती. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो चर्चमधून थेट गोठ्यात आला, कोट खुंटीला अडकवला, धारा काढल्या आणि मग नवरीकडे वळला. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यातल्या टेकड्यांत याचं कुणाला नवलही वाटलं नाही. गायी होत्या, त्यांचं बघायला हवं होतं.

बायको गेली, पाठोपाठ गुडघ्याने दगा दिला आणि वसंतात गायी विकाव्या लागल्या. गोठा रिकामा झाला तसा आर्विडही रिकामा झाला. त्याचा कुत्रा स्किप मात्र रोज संध्याकाळी कुरणाच्या फाटकाशी जाऊन बसायचा, नसलेल्या गायींना आत आणायला. आर्विड खिडकीतून बघायचा आणि पडदा ओढून घ्यायचा.

हे त्याच्या धाकट्या बहिणीला, मार्डेलला, बघवेना. तिने जन्मभर शाळेची बस चालवली होती. विनंती कशी करतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

"गाडीत बस," ती म्हणाली.

"कुठे जायचंय?"

"लाकडी घर घेतलंय दोन रात्रींसाठी. कुत्री चालतात."

"टेकड्या मला इथूनही दिसतात."

"तुझ्याच दिसतात. आता दुसऱ्याच्या बघ. स्किप, उडी मार!"

स्किप उडी मारून मागे बसलाही. मार्डेलचा पिकल नावाचा बुटका, लांबुळका कुत्रा पुढच्या सीटवर आधीच ऐसपैस पसरला होता. आर्विडचा नाइलाज झाला.

सुट्टीला निघालेले लोक उत्तरेच्या तळ्यांकडे धावतात. या टेकड्यांत येतात ते ओढ्यावर मासे धरणारे, नाहीतर वाट चुकलेले. त्यामुळे ऐन ऑक्टोबरात, सगळं रान लालपिवळं झालेलं असतानाही घर सहज मिळालं होतं. एक खोली, एक शेगडी, पुढे ओसरी. खाली दरीत ब्रुगर नवराबायकोचा गोठा आणि राहतं घर होतं. हे लाकडी घरही त्यांचंच. दुधावर भागत नाही म्हणून भाड्याने द्यायचे.

मार्डेलने सॉसेज भाजले आणि दाताखाली कुचकुच वाजणारं ताजं चीज ताटलीत काढलं. दोघं ओसरीवर बसली.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"खुर्ची बरी आहे."

"अरे, समोर बघ ना!"

आर्विडने बघितलं. "त्या उतारावरचं गवत कापायला आलंय."

मार्डेलने कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी उजाडता उजाडता तो सवयीने उठला. दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. स्किप दाराशी कान टवकारून उभा होता. खडीवर खुरांचा आवाज येत होता. धुक्यातून एक कालवड वर आली, तिच्यामागे दुसरी, मग घोळकाच. सगळ्या मोठ्या रस्त्याकडे निघाल्या होत्या, आणि दुधाचा टँकर यायची हीच वेळ.

"जा," आर्विड हलकेच म्हणाला. "सावकाश."

स्किप जमिनीलगत वाकून, लांबचा वळसा घालून कालवडींच्या पुढे गेला आणि नुसता उभा राहिला. भुंकला नाही की धावला नाही. पुढची कालवड थबकली, विचारात पडली आणि मागे वळली. पिकल घराच्या पायरीवरून जिवाच्या आकांताने भुंकत होता. हे सगळं आपल्यामुळेच घडलं असं त्याचं मत झालेलं दिसत होतं. आर्विड घोळक्यामागून लंगडत उतरला. गुडघा दुखत होता, पण आज त्याचं कोण ऐकतो!

"अहो, या तर आमच्या!" गोठ्याच्या दारात ट्रॉय ब्रुगर ओरडला.

"येताना बघितलं," आर्विड म्हणाला, "वरच्या अंगाला कुंपणावर झाड पडलंय. तू ते बघ, धारांचं मी बघतो."

ट्रॉय करवत घेऊन पळाला. आर्विडने बाह्या सारल्या आणि पलीकडची रांग घेतली. कास पुसून यंत्र लावताना त्याचे हात क्षणभरही अडखळले नाहीत.

"वर झोप लागली ना?" ट्रॉयची बायको जेना गायीआडून म्हणाली. "गादी चांगली आहे म्हणतात लोक."

"म्हणतात? तुम्हाला माहीत नाही?"

"आम्ही कधी झोपलोय तिथे! गायींना सोडून जाणार कसं?"

हे वाक्य आर्विडने स्वतः जन्मभर वापरलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते त्याला फारच तकलादू वाटलं.

"आज रात्री तुम्ही दोघं वर जा," तो म्हणाला. "संध्याकाळच्या आणि उद्या सकाळच्या धारा माझ्याकडे."

"अहो, पण तुम्ही पाहुणे! आणि तो गुडघा?"

"गुडघा माझा आहे. मी बघेन."

मार्डेलला हे कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गायी विसरून मन रमावं म्हणून तुला इथे आणलं, आणि पहिल्याच सकाळी तू गोठ्यात?"

"मन रमावं म्हणून ना? रमलं."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. वसंतानंतर पहिल्यांदाच तो तिच्याशी वाद घालत होता. "बरं," ती म्हणाली, "म्हणजे आज झोपायचं त्यांच्या घरी. माझी पिशवी तूच खाली आण."

संध्याकाळी ब्रुगर नवराबायको टेकडी चढून गेले. जेनाच्या हातात भाजलेल्या बटाट्यांचं भांडं होतं, मागे त्यांची म्हातारी कुत्री. दोघं नव्या लग्नाच्या जोडप्यासारखी लाजत होती. खाली मार्डेल दुधाच्या बादल्या उचलत होती. याच कामाला कंटाळून आपण बापाचं घर सोडलं, हे ती प्रत्येक बादलीला ऐकवत होती.

दुसऱ्या दिवशी ब्रुगर नवराबायको उतरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. ट्रॉयच्या गालावर उशीचे वळ होते.

"गादी खरंच चांगली आहे हो!" तो म्हणाला.

टेकड्यांत अशी बातमी वाऱ्यासारखी पसरते. हिवाळा लागेपर्यंत मार्डेलचा फोन वाजायला लागला, कारण आर्विड स्वतःचा उचलत नसे. कुणाला मुलीकडे जायचं असे, कुणाला मासे धरायला, तर कुणाला नुसतं झोपायचं असे. मार्डेल सगळ्यांना बसच्या फेऱ्यांसारखे दिवस लावून देते. आर्विड आदल्या संध्याकाळी जाऊन गायींची ओळख करून घेतो आणि मालकाला दारातून हाकलतो. "जा आता. मागे वळून बघू नका, त्या तुमची आठवण काढत नाहीत."

त्याची अट एकच. स्किपला गोठ्यात नाही, घरात झोपू द्यायचं.