मेंढवाड्यालगतची खोली

सत्यशीलाबाईंचं अंगदकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयात, शाळेच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात. ऑर्केस्ट्रा चालू होता. सगळा हॉल गाणाऱ्या मुलीकडे पाहत होता आणि मागं उभा असलेला एक उंच, हडकुळा तरुण ड्रमवाल्याच्या उजव्या पायाकडे पाहत होता. तो पाय दाबला गेला की याचं बोट हातातल्या बास गिटारच्या तारेवर पडायचं. गाणं संपेपर्यंत त्यानं नजर हलवली नाही. बाईंना चेहरा ओळखीचा वाटला आणि मग आठवलं, हा पडेगावचा अंगद रूपनर. आठवी आणि नववी अशी दोन वर्षं तो त्यांच्या वर्गात होता. रोज हजेरीला उत्तर देत होता. तरी तो कुठल्या बाकावर बसायचा ते त्यांना काही केल्या आठवेना, आणि निवृत्त झाल्यावर असं काही आठवेनासं झालं की शिक्षकाला ते लागून राहतं.

जेवणाच्या वेळी तो पाया पडायला आला.

"बाई, बास ऐकू आला का?"

"खरं सांगू? नाही आला रे."

अंगद हसला. "कुणालाच येत नाही. आम्ही थांबलो की मग लोक म्हणतात, गाणं पोकळ का वाटायलंय."

त्याचं घर पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत. वडील कडूबा आयुष्यभर मेंढरांमागं फिरले. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी फिरणं थांबवलं, प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि मागं मेंढवाडा केला. चाळीस मेंढरं ठेवली. अंगदची खोली आणि मेंढवाडा यांच्यामध्ये एकच भिंत होती.

बास त्यानं छावणीतल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या वादकाकडून जुना घेतला होता. घरी आणला तेव्हा कडूबांनी तो बाजारातलं जनावर पाहावं तसा उलटसुलट करून पाहिला.

"लोकाच्या गिटारीला सहा तारा असत्यात. दोन कुठं गेल्या?"

"आबा, ह्याला चारच असत्यात."

"मग सवस्तात लागला आसंल."

तारा जुन्या होऊन त्यांचा आवाज बसला की अंगद त्या काढून उकळत्या पाण्यात टाकायचा. बोटांचा तेलकट मळ निघाला की आणखी पंधरा दिवस त्या नीट बोलायच्या. आई बानाबाईंनी एकदा पातेल्यावरचं झाकण काढून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोण पाहुणे यायलेत रं? शेवया टाकल्यास जणू." पातेलं मात्र त्यांनी पुन्हा चुलीवर चढवलं नाही. ते अंगदलाच देऊन टाकलं.

सामानाची हाव अंगदला फारशी नव्हती. बँड चालवणारा सुदर्शन कीबोर्ड वाजवायचा. तो मोबाइलवर पाच तारांचे, सहा तारांचे बास दाखवायचा, पायानं दाबायची रंगीत बटणं दाखवायचा. अंगद पाहायचा आणि फोन परत द्यायचा. त्याला पाहिजे होती ती एक मोठी पेटी. छोट्या स्पीकरमधून बासची नुसती टकटक येते, अंगाला लागतो तो पंधरा इंची स्पीकरचा आवाज. पैठणची एक ऑर्केस्ट्रा पार्टी बंद पडली तेव्हा त्यांची पेटी त्यानं उचलली. पेंडीची पोती आणणाऱ्या टेम्पोत पोत्यांवर आडवी पडून ती घरी आली. पहिल्या दिवशी त्यानं एकच तार छेडली आणि फळीवरची भांडी खणखणली.

त्यांच्या बँडमध्ये स्वतःची गाणी कुणी करत नव्हतं. लग्नात, वाढदिवसाला लोकांना ओळखीचंच लागतं. अंगदला त्यात कमीपणा वाटला नाही. जुनं गाणं बसवायचं म्हटलं की तो कानाला हेडफोन लावून तीन-तीन दिवस बसायचा. दोन ओळींच्या मधे, गायिका श्वास घेते तेवढ्यात, कुण्या वादकानं चार सूर खाली उतरवलेले असायचे. ते सापडेपर्यंत याला चैन नसायची.

"अंगदभाई, दोन सूर पकडून बस यार," सुदर्शन म्हणायचा. "कौन सुनता है?"

सुदर्शनचं चूक नव्हतं. पण ज्यानं ते चार सूर पहिल्यांदा वाजवले त्याचं नाव कॅसेटवरही नव्हतं. निदान त्याचे सूर तरी जागच्या जागी पडावेत, असं अंगदला वाटायचं.

सराव अंगदच्याच खोलीत व्हायचा. शहरात कुठं जागा घेतली की शेजारी भांडायला यायचे. इथं शेजारी म्हणजे मेंढरं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पहिली मेंढी गाभडली, दिवस भरायच्या आत मेलेलं कोकरू पडलं. असं एखादीचं होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आठवड्यात दुसरी गाभडली, मग एकदम तीन. जवळपास पुऱ्या वाढीची मेलेली कोकरं. कडूबा मेंढवाड्याच्या दारात उभे राहिले आणि अंगदच्या खोलीच्या भिंतीकडे पाहत राहिले. पूर्वी कधी पैठणकडे तळ पडला असताना शेजारून वरातीचा डीजे गेला होता आणि दुसऱ्या दिवशी एक मेंढी गाभडली होती. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"तुहं खोकं बंद कर," ते म्हणाले. "पोटातल्या जिवाला हादरा बसायलाय."

"आबा, इतक्या दिसांपासून वाजवतोय मी."

"इतक्या दिसांपासून जीव धरून होत्या बिचाऱ्या."

अंगदला ते पटलं नाही, पण खोटंही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी सरावाला सुदर्शन आला तेव्हा त्यानं बास सुदर्शनच्या हातात दिला, "नुसती जाडी तार वाजवत राहा," म्हणाला आणि आपण मेंढवाड्यात जाऊन भिंतीला तळहात लावला. भिंत थरथरत होती. त्याच भिंतीला पोट टेकून एक गाभण मेंढी बसली होती आणि तिचे कान हलत होते. त्या क्षणी, अपराध वाटण्याच्या आधी, अंगदच्या मनात दुसरंच काही येऊन गेलं. कुणीतरी ऐकतंय. लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे माणसांना जे कधी कळलं नाही ते हिच्या पोटापर्यंत पोचतंय. त्याला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचीच त्याला शिसारी आली आणि तो धावत आत येऊन पेटीची वायर उपटून बसला.

"क्या हुआ?" सुदर्शननं विचारलं.

"आजपासून इथं सराव नाही."

सुदर्शन वाईट माणूस नव्हता. त्यानं दोन आठवडे वाट पाहिली. पण जालना रोडवरच्या एका हॉटेलात दर शनिवारचं काम मिळालं होतं, चाळीस गाणी बसवायची होती. "जागा बघ, नाहीतर सांग," तो फोनवर म्हणाला. "डाव्या हातानं कीबोर्डवर बास निघतो, भाई. आजकाल सगळे तसंच करायलेत."

"मग कर," अंगद म्हणाला.

पेटी त्यानं सुदर्शनलाच देऊन टाकली. घरात राहिली असती तर हात गेला असता. टेम्पोत चढवताना कडूबांनीही एका बाजूनं हात लावला.

घर गप झालं. तीन आठवडे गेले आणि आणखी तीन मेंढ्या गाभडल्या.

"आदीचा हादरा पोटात राह्यला आसंल," कडूबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात पहिल्याइतकी खात्री नव्हती.

गाभडलेलं कोकरू उचलायचं, वाड्यातली घाण काढायची, लांब नेऊन पुरायचं हे काम अंगदनं आपल्याकडे घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्यामुळं झालंय तर आपणच उचलायचं, असा त्याचा हिशेब. उघड्या हातानं तो ते करायचा. पौषात त्याला ताप यायला लागला. दुपार कलली की अंग तापायचं, घामानं सदरा भिजायचा, सकाळी ताप उतरायचा. कंबर आणि डावं मनगट ठणकायचं. हे आपल्याला मिळायलाच पाहिजे, असं त्याला वाटलं आणि तो दवाखान्यात गेला नाही.

शेवटी बानाबाई बोलल्या. अंगणात भाकरी थापता थापता, नवऱ्याकडे न पाहता.

"खोकं गेलं. पोरगं गप झालं. तरी मेंढ्या गाभडत्यातच. आता कुणाला बंद करायचं?"

दुसऱ्या दिवशी कडूबा गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर घरी येऊन मेंढरांचं रक्त घेऊन गेले आणि आठ दिवसांनी पुन्हा आले. एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग होता. गाभण मेंढ्यांत तो असाच फिरतो, म्हणाले. लागण झालेली बाजूला काढा, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका.

"आवाजानं न्हाय ना?" कडूबांनी विचारलं.

"एखादी दचकून गाभडेल, काका. आठ-आठ नाही गाभडत. बाहेरून नवीन जनावर आणलं होतं का?"

कडूबांनी डोक्याचं मुंडासं चाचपलं. "आखाडात एडका आणला बाजारातून. लई चांगला वाटला." चांगला मेंढा ओळखण्यात कडूबांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही असं लोक म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"आणि मेलेली कोकरं हातानं कुणी उचलली?"

"मी," अंगद म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, नाडी न बघताच म्हणाले, "तू आजच माणसांच्या दवाखान्यात जा."

त्याच्याही रक्तात तेच निघालं. दीड महिना गोळ्या चालल्या, इंजेक्शनं झाली. ताप गेला, कंबरेचा ठणका थांबला. डावं मनगट मात्र पूर्ण बरं झालं नाही. बासच्या लांब दांडीवर तारा दाबणाऱ्या हाताचं तेच मनगट. अर्धा तास वाजवलं की त्यात कळ येते आणि करंगळी उघडत नाही.

लागण झालेली काढून टाकल्यावर मेंढरं अकरा राहिली. कडूबा चुकलं म्हणाले नाहीत; त्या घरात तसं कुणी म्हणत नसे. एका दुपारी ते येऊन अंगदच्या उंबऱ्यावर बसले.

"वाजव की."

अंगदनं भिंतीवरचा बास काढला आणि वाजवला. पेटीशिवाय बास म्हणजे नुसती तारांची खसखस. कडूबांनी कान पुढं केला.

"मला तर काय ऐकू येईना."

"पेटी नाय ना, आबा."

"आणू की मग. सुदर्शनला सांग, परत दे म्हणून."

"राहू द्या."

तो सुदर्शनकडे गेला होता, पण पेटीसाठी नाही. तोपर्यंत शनिवारचे कार्यक्रम सुरू होऊन अडीच महिने झाले होते. सुदर्शननं चहा मागवला, दोनदा साखर विचारली. "भाई, सेट जम गया है," तो शेवटी म्हणाला. "हॉटेलवाल्यानं बासचं नावच काढलं नाही. तू बोल, तुला मधे कुठं घालू?" अंगदनं चहा संपवला. एक गाणं त्यानं तेवढं विचारलं, ते वाजवता का, आणि ते चार सूर घेता का. सुदर्शनला कुठले चार सूर ते आठवेना.

पुढच्या पावसाळ्यात सत्यशीलाबाई नातीची हार्मोनियम दुरुस्तीला घेऊन घराजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेल्या तर काउंटरच्या मागं अंगद. हार्मोनियम मागं ठेवून त्यानं बाईंना स्टूल दिलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी वाजवणं कसं चाललंय विचारलं आणि त्यानं हे सगळं सांगितलं, मेंढवाडा, ताप, सुदर्शन. वर्गात दोन वर्षांत बोलला नव्हता इतकं तो त्या तासाभरात बोलला. भिंतीला हात लावल्यावर काय वाटलं होतं तेही सांगितलं.

"डॉक्टर म्हणाले आवाजानं काही झालं नाही. तेव्हा हायसं वाटलं, बाई. पण वाईटबी वाटलं. म्हणजे त्या मेंढीनंबी ऐकलं नव्हतं. ती नुसती आजारी होती." त्यानं काउंटरवरची तारांची पाकिटं सरळ केली. "आठ कोकरं गेली, आबाचा कळप गेला, आणि मह्या मनात हे. असा माणूस असतो का?"

बाईंनी छत्तीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. या प्रश्नाला काहीतरी बरं वाटेलसं सांगता आलं असतं, पण ते त्याला कळलं असतं.

"असतो," त्या म्हणाल्या. "मनगट दाखव बघू."

त्यानं हात पुढं केला. सांध्याजवळ अजून थोडी सूज होती. शेक घेतोस का, त्यांनी विचारलं. घेतो, तो म्हणाला, कधीमधी.

अंगद त्या दुकानातच आहे. गिटारींना तारा घालतो, नव्या मुलांना कुठला बास घ्यावा ते सांगतो, आणि सहा तारांचा घेऊ नका म्हणतो. कुठल्याही बँडमध्ये तो सध्या वाजवत नाही. दुकान साडेदहाला उघडतं, आणि त्याला मंगळवारी सुट्टी असते.