डॉक्टरांचा बंब

बाईंना नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्या आम्हाला स्टेशनांच्या नावाने हाका मारायच्या. मी भांडुप, माझी मैत्रीण दहिसर. "ए भांडुप, खिडक्या उघड. दहिसर, फिदीफिदी हसू नकोस." हसू नकोस म्हटलं की दहिसरला दुप्पट हसू यायचं आणि तिच्याकडे बघून मला. ऐंशीच्या दशकातली ती मे महिन्याची सुट्टी आठवली की अजूनही मी पदर तोंडाशी नेते.

आम्ही दोघी कॉलेजात इतिहास शिकत होतो. अंधेरीला एका जुन्या डॉक्टरांचं घर लोकांना बघायला ठेवलंय, तिथे सुट्टीत काम शिकायला कोण जाणार, असं सरांनी विचारलं तेव्हा सगळा वर्ग पंख्याकडे बघायला लागला. आम्ही मात्र हात वर केला. इतिहासावरच्या प्रेमाने वगैरे नाही. आमच्या चाळीत मे महिना म्हणजे पापड लाटणं आणि कोकणातून आलेल्या पाहुण्यांची अंथरुणं घालणं. दहिसरच्या घरी तर तिला बघायला मंडळी येण्याची चिन्हं होती.

घर कौलारू, एकमजली, आवारात दोन फणस. डॉक्टर टांग्यातून पार मरोळपर्यंत रोगी बघायला जायचे म्हणे. त्यांच्या मागे मुलांनी ट्रस्ट केला आणि घर होतं तसं ठेवलं. टेबलावर चष्मा, खुंटीवर टोपी, कपाटात औषधांच्या बाटल्या. देखभालीला नेमलेल्या बाई त्या घराच्या सर्वेसर्वा. कडक इस्त्रीचं सुती पातळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात एकच वाक्य, "जसं होतं तसं."

त्या घरात खुर्चीवर बसायचं नाही, पलंगाला टेकायचं नाही. बाई स्वतः डबासुद्धा मागच्या पायरीवर बसून खायच्या. "डॉक्टर आत्ता बाहेरून येतील असं वाटलं पाहिजे," त्या म्हणायच्या.

"आले तर जळमटं बघून परत जातील," दहिसर माझ्या कानात म्हणायची, आणि आमचं पुन्हा सुरू.

एका दुपारी मात्र हसू आलं नाही. बाईंनी सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या रविवारी ट्रस्टी इथे जमणार आहेत आणि घर लोकांसाठी उघडं ठेवायचं की कायमचं बंद करायचं ते ठरवणार आहेत. इथे चिटपाखरूही फिरकत नव्हतं, हे खरं होतं. कोणी आलंच तर शेजारच्या इमारतीचा पत्ता विचारायला. डॉक्टरांचे चिरंजीव, सत्तरी ओलांडलेले, बोरिवलीला राहायचे. शेवटचा शब्द त्यांचा, आणि त्यांचंच मत बंद करावं असं होतं.

"दार बंद झालं तर मी रोज उठून कुठे जाऊ गं?" बाई म्हणाल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्या ओरडल्या, "बघता काय? फडकी घ्या!" मला त्यांचा इतका कळवळा आला की त्या दिवशी मी टोपीची खुंटीसुद्धा पुसली.

पुढच्या आठवड्यात बाई घाटकोपरला बहिणीकडे बारशाला गेल्या. किल्ल्या आमच्याकडे दिल्या आणि बजावलं, "ट्रस्टी यायचेत. घर नीट ठेवा."

आता नीट म्हणजे काय, हे आम्हाला आमच्या आयांनी शिकवलं होतं. बाई आम्हाला एकेक खोली शिकवत होत्या आणि न्हाणीघराची पाळी अजून आली नव्हती. तिथे कोपऱ्यात आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब उभा होता, चांगला माझ्या छातीएवढा. तांब्याचा आहे हे तोटीजवळ नखाने खरवडल्यावर कळलं. एरवी नुसता कोळसा.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो, तांब्याचो बंब काळो ठेवतत काय कोण? पाव्हणे काय म्हणतीत?" आणि तिने चिंचेचा हा एवढा गोळा आणि राख पुडीत बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पदर खोचले. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने मी. चिंचेचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. हळूहळू आतून लाल सोनं वर यायला लागलं. संध्याकाळपर्यंत बंब असा लखलखला की त्यात आमची तोंडं दिसली, फुगून भोपळ्याएवढी. दहिसरने त्यात बघून बघायला येणाऱ्या मुलाची नक्कल केली, "मुलीला स्वयंपाक येतो का?" मी ओल्या फरशीवर हसून हसून लोळले. आपण हे घर वाचवलं, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बाई परत आल्या. आम्ही त्यांना डोळे मिटायला लावून न्हाणीघरापर्यंत नेलं. त्यांनी डोळे उघडले आणि त्या मटकन उंबऱ्यावरच बसल्या.

"ती काजळी," त्या कशाबशा म्हणाल्या, "डॉक्टरांच्या शेवटच्या आंघोळीची होती. इतकी वर्षं मी तिला बोट लावलं नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी बघून मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण बाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या उठल्या, पातळ झटकलं आणि कडाडल्या, "रविवारच्या आत काळा करा!"

काळा कसा करायचा? एकच मार्ग, पेटवायचा. सकाळी मी घरून निघताना आईने बजावलं, "रिकामो पेटवू नको हां, जोडाचो डाख सुटतलो." म्हणून आधी विहिरीवरून कळशा भरभरून आणल्या. मग करवंट्या, फणसाच्या वाळक्या फांद्या, आणि धूर जास्त व्हावा म्हणून ओला पाला. धूर झाला तो असा की शेजारची माणसं बादल्या घेऊन धावत आली.

"आग कुठाय?" एक काका ओरडले.

"आग नाही, इतिहास आहे," दहिसर खोकत म्हणाली.

आलेली माणसं मग लगेच जाईनात. "अय्या, इथे आत एवढं घर आहे? मला वाटायचं गोडाऊन आहे यार!" असं म्हणत त्यांनी बाटल्या बघितल्या, टोपी बघितली. बाईंना माहिती सांगावी लागली आणि सांगताना त्या ओरडायचं विसरल्या. रोज बंब पेटायचा, रोज कोणी ना कोणी डोकावायचं. कढत पाण्याचं काय करायचं, म्हणून आम्ही फरशा धुवायचो. बंब मात्र हट्टी. शनिवारपर्यंत तो काळा नाही, लाल नाही, काहीतरी मधलाच होऊन बसला.

रविवारी सकाळी बाई म्हणाल्या, "अजून एक हात द्या काळ्याचा." आम्ही जाळ घातला आणि नेमकी ट्रस्टी मंडळी वेळेच्या आधी आली. दिवाणखान्यात धूरच धूर. "वाट लागली," दहिसर म्हणाली.

चिरंजीव काठी टेकत उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही. नाक वर केलं, एक लांब श्वास घेतला आणि कोणी वाट न दाखवता ते थेट न्हाणीघराकडे निघाले. मी बंबापाशी, तोंडाला काजळी फासलेली.

"पाणी तापलंय?" त्यांनी विचारलं.

"कडकडीत," मी म्हटलं. खोटं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"विसण?"

"गार पाण्याची बादली भरलेली आहे."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. भर मे महिन्यात, ट्रस्टच्या सभेला आलेला माणूस आंघोळीला गेला! बाकीचे ट्रस्टी दिवाणखान्यात उभेच, कारण खुर्चीवर बसायचं नाही हा बाईंचा नियम. आतून तांब्याचा आवाज, पाण्याचा आवाज, मग बेसूर रामरक्षा. दहिसरने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. हसलो असतो तर घर गेलं असतं.

मग आतून हाक आली, "पंचा द्या!"

त्या घरात पंचा एकच होता. डॉक्टरांचा. काचेच्या कपाटात घडी करून ठेवलेला, शेजारी बाईंच्या अक्षरातली पाटी, 'हात लावू नये'. आम्ही दोघींनी बाईंकडे बघितलं. बाईंनी कपाटाकडे बघितलं. बराच वेळ त्या किल्ल्यांचा जुडगा नुसता चाचपत होत्या.

"पंचा!" पुन्हा हाक.

बाईंनी कपाट उघडलं. घडी तळहातावर घेतली, न्हाणीघरापर्यंत गेल्या आणि मान वळवून दाराच्या फटीतून पंचा आत दिला.

चिरंजीव बाहेर आले ते धोतर नेसून, खांद्यावर ओला पंचा, केसांतून पाणी गळतंय. "बाबा सुट्टीच्या दिवशी स्वतः घालायचे आंघोळ," ते म्हणाले. "डोळ्यांत साबण गेला की मी हे घर डोक्यावर घ्यायचो." त्यांचे डोळे लाल झाले होते, धुराने असतील, नसतीलही.

एका ट्रस्टींनी घसा खाकरला. "मग ठरावाचं काय करायचं?"

"कसला ठराव?" चिरंजीव म्हणाले आणि बाईंकडे वळले. "पुढच्या रविवारी नातवाला आणतो. पाणी जरा लवकर तापवा."

मंडळी गेली. आम्हाला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, पण आम्ही बाईंकडे बघत होतो. चिरंजीवांनी जाताना ठेवलेला ओला पंचा त्यांनी उचलला, पिळला आणि मागच्या दारी दोरीवर वाळत घातला. मग त्या आत आल्या, डॉक्टरांच्या खुर्चीवर बसल्या आणि न्हाणीघराकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

"ए भांडुप," त्या म्हणाल्या, "उद्या येताना चिंच आण. नातू यायचाय. असा काळा बंब ठेवतात का कोणी?"