जपानची मावशी

माझ्या दुकानातून खोकल्याच्या औषधाची बाटली घेताना चाचा ती दोन्ही हातांनी घेत आणि कमरेत वाकत. इतके वाकत, की काउंटरच्या अलीकडून मला फक्त त्यांची टोपी दिसे. वाकताना मागच्या गिऱ्हाइकाला धक्का लागायचा. मग त्याची माफी मागायला ते वळून पुन्हा वाकायचे आणि आता धक्का माझ्या काउंटरला बसायचा. वरच्या बरण्या खुळखुळायच्या.

‘‘जपानात असंच घेतात,’’ सरळ होत ते सांगायचे.

‘‘चाचा, ही भिवंडी आहे.’’

‘‘लांब कुठं हाय? जपान म्हंजे काय, कोनच्या पुढं दोन स्टॉप!’’

हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की कल्याणच्या एसटीत बसलो की कोन गाव गेल्यावर मी उगाच खिडकीबाहेर बघायचो.

चाचांचं घर माझ्या दुकानापासून दोन दारं सोडून होतं. किनाऱ्याकडून पिढ्यांपूर्वी आलेलं जुनं व्यापारी घराणं. यांचा धंदा जुन्या मागांचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा. तिकडे ओसाकाच्या बाजूला गिरण्या बंद पडत होत्या आणि तिथले म्हातारे लूम आमच्याकडे येऊन नव्यानं संसार थाटत होते. ते बघायला, निवडायला चाचा ऐंशीच्या दशकात जायला लागले, ते जातच राहिले. गल्लीतली बाकीची माणसं दुबईहून टेपरेकॉर्डर आणायची. चाचा गोष्टी आणायचे, आणि त्या गोष्टी ऐकायला माझ्या दुकानासमोरच्या बाकावर जागा पुरायची नाही.

त्यांना कुणी तिथल्या सुसाट गाडीबद्दल विचारलं तर तोंड वाकडं करत. ‘‘गाडी जोरात हाय. एवढी जोरात की दिसत नाय. बघायचा तर मोहल्ला बघावा, तो एका जागी थांबतो.’’ काम उरकलं की ते एक मोहल्ला पकडायचे आणि पायी हिंडायचे. पुढच्या खेपेला तोच मोहल्ला पुन्हा, आणि त्याच्या शेजारचा नवा.

जपानी ही आपलीच बोली आहे, असा त्यांचा पक्का दावा होता. ‘‘आपल्या वळ गावाच्या बाजूनं निघाली आनि परत यायची इसरली.’’ पुरावा असा, की जपानी माणूस होकाराला ‘हाय’ म्हणतो आणि एखादी गोष्ट नसली की ‘नाय’ म्हणतो. ‘‘आता सांगा डाक्टर, ही भाषा शिकायला पुस्तक कशाला पायजे?’’ मी डॉक्टर नव्हे, साधा औषधविक्रेता. पण तेही त्यांच्या जपानात चालत असावं.

याच आपल्या बोलीनं पहिल्या खेपेला त्यांना उपाशी ठेवलं. डुकराला तिकडे ‘बुता’ म्हणतात, एवढं कुणीतरी शिकवून पाठवलं होतं. चाचा खानावळीच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, ‘‘बुता नाय?’’ डुक्कर नाही ना, एवढाच साधा प्रश्न. आतला माणूस हसून म्हणायचा, ‘‘हाय!’’ की चाचा उलट्या पावली रस्त्यावर. पुढची खानावळ. ‘‘बुता नाय?’’ ‘‘हाय!’’ सगळं ओसाका डुकरांनी भरलेलं. केळी आणि उकडलेली अंडी खाऊन पोट आखडलं. शेवटी एका बाजारगल्लीत, जिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत छप्पर घातलेलं होतं, त्यांनी एका बाईला तोच प्रश्न टाकला. ती म्हणाली, ‘‘हाय, नाय!’’

‘‘अगं बाई, हाय का नाय? एक काय ते सांग ना!’’ चाचा सरळ मराठीत ओरडले.

बाईनं डुकरासारखा आवाज काढून दाखवला आणि दोन हातांची फुली केली. तेव्हा कुठं उजेड पडला. तिचं म्हणणं होतं, तुम्ही विचारता ते बरोबर, नाही. म्हणजे इतके दिवस चाचा ज्या ज्या खानावळीतून पळाले, तिथले लोक बिचारे त्यांना ‘या, बसा’ म्हणत होते.

तिनं लोखंडी तव्यावर कोबी घातलेलं जाडसर घावन केलं. वरून वाळवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप भुरभुरले. ते वाफेनं हलायला लागले. ‘‘मी बिस्मिल्ला म्हनलो, तर आजूक हलले!’’ चाचांनी डोळे मिटून ते खाल्लं आणि दुसरं मागितलं. बाईनं नाव विचारलं. चाचांना वाटलं, गाव विचारतेय. ते म्हणाले, ‘‘भिवंडी.’’ तेव्हापासून त्या गल्लीत ते ‘बिवांदी-सान’ झाले. सान म्हणजे आपलं ‘साहेब’. आमच्या भिवंडीला कुणी साहेब म्हटल्याचं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मोहल्ल्याच्या हमामखान्यात ते लुंगी नेसून शिरले, ती गोष्ट तर मला पाठ आहे. ‘‘सगळा मोहल्ला नागडा! मी लुंगी सोडीना, आनि ते मला पान्यात सोडीनात.’’ हे ते भर दुकानात सांगायचे, ग्राइप वॉटर घ्यायला आलेल्या बायकांच्या देखत. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या आणि पुढचं ऐकल्याशिवाय हलायच्या नाहीत. पुढचं एवढंच, की चाचा हौदाच्या काठावर पाय धूत बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नागड्या माणसांना अदबीनं सलाम करत राहिले.

तिकडे सकाळी आपलं दार झाडताना शेजाऱ्याच्या दारासमोरचंही थोडं झाडतात, हे पाहून आल्यावर त्यांनी तेही सुरू केलं. आमच्या गल्लीत लूमचा कापूस उडून सगळीकडे पांढरी भुकटी साचलेली असायची. चाचा पहाटे ती झाडायला लागले. शेजाऱ्याला वाटलं, आपल्या दारात करणी चाललीय. तो दोन दिवस लिंबू शोधत होता. चाचांनी त्याला समजावलं, वाकून माफी मागितली. त्यानं तो शेजारी जास्तच घाबरला.

आता मावशीचं सांगतो. चाचांच्या घरी फोन लागायचा होता, म्हणून ओसाकाच्या त्या घावनवाल्या बाईला त्यांनी माझ्या दुकानाचा नंबर दिला होता. थंडीच्या दिवसांत कधीतरी लांब लांब घंटी वाजायची. मी चाचांना हाक मारायचो. ते धावत यायचे, रिसीव्हर धरायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, ‘‘मोशी मोशी! मोशी मोशी!’’ फोनवर बोलतानाही तिकडे वाकतात म्हणे. चाचा वाकले की फोनच्या वरची कफ सिरपची फळी त्यांच्या कपाळावर आपटायची. ‘‘मोशी मो... या अल्ला!’’ हा सगळा कार्यक्रम लोक उभं राहून बघायचे.

गल्लीनं मोशीची मावशी करायला वेळ लागला नाही. समोरच्या टेलरनं एकदा चाचींना अगदी मायेनं विचारलं, ‘‘जपानची मावशी बरी हाय ना?’’

चाची तडक दुकानात आल्या. चाचा बाकावरच होते.

‘‘माज्या सासूला भैनच नव्हती. येकटी होती ती. मग ही मावशी कंची?’’

‘‘अगं, मावशी नाय! मोशी मोशी. म्हंजे हालो.’’

‘‘हालोला हालो म्हनायला तोंड दुखतं का?’’

‘‘ती खानावळवाली हाय.’’

‘‘म्हंजे तिच्याच हातचं खाता?’’

‘‘अगं, म्हातारी हाय ती!’’

‘‘एवढी वर्सं जाताय. ती काय पयल्या दिवसापासून म्हातारी हाय?’’

आम्ही हसलो. चाची हसल्या नाहीत. त्या घरी गेल्या आणि संध्याकाळी एक पिशवी घेऊन कशेळीला भावाकडे निघून गेल्या. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत परततील. आठवडे गेले. चाचा बाटली एका हातानं घ्यायला लागले. वाकणं बंद. गोष्ट सांगा म्हटलं तर म्हणायचे, ‘‘कसली गोष्ट, सगळी शहरं सारखीच.’’ एक दिवस माझ्यासमोर येऊन म्हणाले, ‘‘डाक्टर, बायकोच्या शंकेवर गोळी हाय का?’’

‘‘नाय,’’ मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं सगळ्या गल्लीला इतकी वर्षं हसवलं, त्याचं हसू आम्हीच घालवून बसलो होतो.

मग त्यांनीच इलाज काढला. कशेळीला जाऊन चाचींना रिक्षात घातलं आणि थेट पासपोर्टच्या फोटोला नेलं. ‘‘माज्यावर नाय ना इस्वास? नको ठेवू. तुज्या डोळ्यानं बघ.’’ चाचीही काही कमी नव्हत्या. जाताना सगळ्या गल्लीला ऐकवून गेल्या, ‘‘मावशीला बघून येते.’’

परत आल्या त्या दिवशी बाकावर मुंगीला जागा नव्हती. चाचींनी आम्हाला मनसोक्त ताटकळवलं. मग म्हणाल्या, ‘‘म्हातारी हाय. कमरेत वाकलेली. आनि यांना माज्यापेक्षा जास्त ओरडते. मला तर लई आवडली.’’

दोघी संध्याकाळभर बोलल्या होत्या. चाची मराठीत, म्हातारी जपानीत, मध्ये नुसतं हाय आणि नाय. चाचींनी तिच्या तव्यावर हातानं तांदळाची भाकरी थापून दाखवली. म्हातारीनं थापली ती फाटली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

‘‘दोन तवे ठेवलेत तिनं,’’ जराशानं चाची म्हणाल्या. ‘‘एक दुकानाचा. दुसरा लहान, यांचा. त्याचं उलथनं पन वेगळं, मुठीला लाल दोरा बांधलेला. वर्सातून एकदा येनाऱ्या मान्सासाठी कोन ठेवतं असं?’’ चाचा शेजारी उभे होते. ते हळूच माझ्याकडे वळले, एक खोकल्याची बाटली मागितली, आणि ती दोन्ही हातांनी घेत असे वाकले, की बरण्या पुन्हा खुळखुळल्या.

त्यानंतर चाची दोनदा गेल्या. चाचा पिशव्या उचलायचे. त्या तिथून शिकून आल्या, की जपान्यांच्या ‘हाय’चा अर्थ दर वेळी ‘हो’ नसतो, नुसतं ‘ऐकलं’ असाही असतो. ‘‘हे तर आमच्या घरातलंच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे पन सारखं हाय हाय करतात आनि करत काय नाय.’’ चाचा म्हणाले, ‘‘हाय.’’

मग चाचांची साखर वाढली, पाय सुजले. शेवटची ठरलेली खेप राहून गेली. बाकावर बसून ते माझ्या फोनकडे बघत राहायचे. पावसाळ्यात एका दुपारी, शिफ्ट सुटायच्या सुमारास, ते घरीच वारले. त्यांच्या मागे गल्लीत कापसाची भुकटी साचायला लागली. झाडायला कुणी नव्हतं.

थंडी पडली आणि दुकानातली ती लांब लांब घंटी वाजली.

‘‘मोशी मोशी,’’ पलीकडचा आवाज फार म्हातारा झाला होता. ‘‘बिवांदी-सान?’’

उत्तर मला येत होतं. एवढी जपानी तर सगळ्या गल्लीला येत होती. पण मी रिसीव्हर काउंटरवर ठेवला आणि चाचींना बोलावून आणलं.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला, मला जवळ उभ्यानं ऐकू आला.

‘‘नाय,’’ चाची म्हणाल्या.

मला वाटलं, लाइन तुटली. मग अगदी बारीक आवाजात आलं,

‘‘हाय.’’

दोघींनीही फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं चाची फोनसमोर हळूहळू कमरेत वाकायला लागल्या. मी पटकन कफ सिरपच्या फळीखाली हात धरला, त्यांचं डोकं आपटू नये म्हणून.